तबकडी, डिश आणि डीजे

'तबक' हा शब्द अरबी. फारसीचं बोट धरून तो दख्खनेत उतरला आणि विड्याचं तबक, ओवाळणीचं तबक असा आपल्या घरांत इतका मुरला की तो बाहेरून आला हे आता मुद्दाम सांगावं लागतं. मराठीने त्याला आपला लहानपणाचा 'डी' जोडला. पलंगाची पलंगडी होते तशी तबकाची तबकडी झाली. पुढे ग्रामोफोन आला आणि त्यावर फिरणाऱ्या काळ्या चकतीला नाव हवं होतं. विद्वानांनी 'ध्वनिमुद्रिका' घडवली, आकाशवाणीच्या निवेदकांनी ती वर्षानुवर्षं न अडखळता उच्चारली, पण बाकीच्यांनी पूजेच्या ताटाशेजारची तबकडीच उचलली. 1947 च्या जूनमध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाला आकाशात काहीतरी चमकत जाताना दिसलं, तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'फ्लाइंग सॉसर' म्हटलं, आणि आपल्याकडे तीही याच शब्दात मावली. उडती तबकडी. अरबीतसुद्धा तिला उडतं तबकच म्हणतात, म्हणजे शब्द फिरून आपल्या माहेरी त्याच अर्थाने भेटतो.

इंग्रजीची गोष्ट याहून रंगतदार आहे. 'डिस्क'चं मूळ लॅटिन 'डिस्कस', त्यामागे ग्रीक 'डिस्कोस'. खेळाडू फेकतात ती. मराठी क्रीडाशिक्षक तिला थाळी म्हणतात, थाळीफेक. हाच 'डिस्कस' इंग्रजीच्या अगदी बाल्यावस्थेत तिच्यात शिरला आणि झिजून 'डिश' झाला. मध्ययुगीन लॅटिनच्या वाटेने तोच 'डेस्क' होऊन आला, जर्मनांकडे 'टिश' म्हणजे टेबल झाला. आणि मग सतराव्या शतकात पंडितांनी मूळ शब्द पुन्हा एकदा उचलून आणला, तो 'डिस्क'. तेव्हा डिस्क आणि डिश या सख्ख्या बहिणी. एक हजारेक वर्षं आधी सासरी गेली, दुसरी नंतर आली, आणि दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

त्यांची गाठ आमच्या जालना जिल्ह्यात पडली आणि धाकटीला घर सोडावं लागलं.

झालं ते असं. भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी या बाजूच्या गावांत गणपतीत किंवा लग्नाच्या आदल्या रात्री 'व्हिडिओ आणायचे'. हा एकच शब्द टीव्ही, व्हीसीआर, तीन पिक्चरच्या कॅसेटी आणि ते सगळं चालवणारा माणूस, एवढ्या सगळ्यांना मिळून होता. पुढे कॅसेट जाऊन सीडी आली, यंत्र हलकं आणि स्वस्त झालं, आणि ज्यांच्या घरी पूर्वी 'व्हिडिओ' येत नव्हता त्यांच्याही घरी सीडी प्लेअर आला. मग डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने थेट घरापर्यंतची फुकट सेवा सुरू केली. छतावर ती वाटोळी पसरट वस्तू दिसू लागली. कुणी तिला छत्री म्हणे, कुणी डिश. एकदा ती बसवली की महिन्याला छदाम नाही आणि दिवसभर पिक्चर. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळू लागलं. त्यानंतर सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. मोठ्या शहरांतले लेख डिस्कच्या मरणाचं सगळं खापर ओटीटीवर फोडतात. अमेरिकेपुरतं ते पटण्यासारखं आहे. तिथे नेटफ्लिक्स 1998 पासून टपालाने डीव्हीड्या घरोघर पाठवत होती आणि 29 सप्टेंबर 2023 ला तिने शेवटची पाकिटं रवाना करून तो धंदा मिटवला. पण हीच नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये भारतात आली तेव्हा जालन्यातल्या सीडीच्या दुकानांत आधीच मोबाइलची कव्हरं आणि चार्जर लटकलेले होते. आमच्याकडे डिस्कला घालवलं ते थोरल्या बहिणीने.

वर मी सहज 'डीव्हीड्या' लिहून गेलो. कुणी हसलं असेल, पण आलेला शब्द भाषेत कितपत मुरला हे बघायचं तर मी त्याचं अनेकवचन विचारतो. काडी-काड्या, माडी-माड्या, साडी-साड्या, तशी सीडी-सीड्या. खरं तर ही दोन इंग्रजी आद्याक्षरं. पण शेवटी दीर्घ ई ऐकू आली एवढ्या भांडवलावर मराठीने तिला स्त्रीलिंगात बसवलं आणि रूपं चालवायला सुरुवात केली. 'दोन सीड्यांचा पिक्चर आहे' हे वाक्य जालन्याच्या मामा चौकात किंवा सिंधी बाजारात कुणाला खटकत नसे. दोन का, तर एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मजकूर बसायचा. मध्येच पडदा निळा व्हायचा आणि कुणीतरी ओरडायचं, 'दुसरी लाव.' टॉकीजमधल्या मध्यंतराला आपण इंटरव्हल म्हणत होतो, घरातल्या मध्यंतराला 'दुसरी सीडी'.

याउलट ब्ल्यू-रे. तो की ती की ते? जालन्यात कुणाला ठरवायची वेळच आली नाही. तिच्या नावातून इंग्रजी 'ब्लू'चा शेवटचा ई मुद्दाम गाळला होता, साधा शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवणं अवघड म्हणून. इतक्या विचाराने ठेवलेलं नाव मराठीत लिंगाविना आलं आणि लिंगाविना गेलं. 'ओटीटी'चाही शेवट दीर्घ ईनेच होतो, तरी 'ओटीट्या' कुणी म्हणत नाही, कारण ती मोजायची, हातात घ्यायची वस्तूच नाही. आणि 'स्ट्रीमिंग' हा शब्द तर लेखांबाहेर मी ऐकलेला नाही. अनुवादकाने त्याला 'प्रवाह' सुचवला असता, पण 2008 पासून मराठी माणसाच्या लेखी प्रवाह ही एक वाहिनी आहे. इकडे माणसं म्हणतात, 'मोबाइलवर बघितला' किंवा 'यूट्यूबला भेटतो'. वस्तूला 'भेटतो' म्हटलेलं पुण्याला चालत नाही, हे ठाऊक आहे. मराठवाड्यात पिक्चरही भेटतो आणि दवाखान्यात गोळ्याही भेटतात. आमचं त्यावाचून अडलेलं नाही.

दुसरा असाच इकडचा शब्द 'किराया'. पुण्यामुंबईचा माणूस कॅसेट भाड्याने आणायचा, जालन्याचा किरायाने. भाडं संस्कृत 'भाटक'कडून, किराया अरबीकडून. निजामाच्या राज्यात सप्टेंबर 1948 पर्यंत राहिलेल्या मुलखाला दुसरा अधिक ओळखीचा असणारच. ज्या शहरातल्या भर वस्तीतल्या जागेला आजही गांधी चमन म्हणतात, तिथे किरायाचं नवल नको. तर हा किराया 2007 च्या सुमारास एकदा हरला होता. मोझर बेअर या दिल्लीच्या कंपनीने त्या वर्षी परवानाधारक व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. नाव स्विस कंपनीचं, माल देशी. दोनतीन वेळच्या किरायात पिक्चर कायमचा घरचा होऊ लागला, आणि कपाटात नवऱ्याच्या क्रिकेटच्या बॅटशेजारी बायकोच्या आवडीच्या सीड्यांची चळत उभी राहिली. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या वाटेने लिलावाला लागली. आज आपण पुन्हा किरायावर आलो आहोत. फक्त त्याला 'रिचार्ज' म्हणतो, म्हणून ते ध्यानात येत नाही. रिचार्ज संपला की पिक्चरही गेला. शब्द बदलला की व्यवहार नवा वाटतो, ही व्यापाऱ्यांना भाषातज्ज्ञांच्या आधी कळलेली गोष्ट.

सीडीच्या आधी फीत होती, तिचं थोडक्यात. पोर्तुगीज 'फिता' म्हणजे रिबन. तिची मराठीत फीत झाली, वेणीला बांधायची, उद्घाटनाला कापायची. ध्वनिफीत आणि चित्रफीत हे शब्द तिच्यापासून आपण घडवले. मौज अशी की पोर्तुगीजभाषक ब्राझीलमध्येही एके काळी सिनेमाला 'फिता'च म्हणत. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच उडी मारली. चित्रफितीतली फीत केव्हाच संपली, पण वर्तमानपत्रांत मोबाइलवर काढलेली 'चित्रफीत' रोज 'सर्वदूर पसरते'. रिळाचंही तसंच. दोऱ्याचं रीळ नपुंसकलिंगी आणि 'ळ' असलेलं, फिल्मचंही तेच. ती रिळं पत्र्याच्या डब्यांत असत, म्हणून अडकून पडलेला सिनेमा 'डब्यात गेला'. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, महिनाभरात इन्स्टाग्रामची 'रील' आली. ती स्त्रीलिंगी, 'ल' असलेली, सुरुवातीला पंधरा सेकंदांची. आजी रीळ शोधते ती बटण लावायला, नात रील काढते. दोघींना हा एकच शब्द आहे असं सांगितलं तर कुणीच विश्वास ठेवणार नाही.

आणि 'चित्रपट'? तो तर मुळात कापडच. पट म्हणजे वस्त्र, चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं वस्त्र. सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीचा संस्कृत शब्द. जालन्याच्या नावाची एक आख्यायिका सांगतात की पूर्वी हे जनकपूर होतं आणि एका श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्यावरून त्याचं जालना झालं. तो धंद्याने जुलाहा, म्हणजे विणकर होता. व्युत्पत्ती म्हणून मी ती छातीठोकपणे पुढे करणार नाही, लोकांनी केलेल्या व्युत्पत्त्या ऐकायला गोड आणि तपासायला कडू असतात. पण विणकराच्या नावाचं गाव आणि पट विणून केलेला सिनेमाचा शब्द, हा योग सोडवत नाही.

या सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्या नामांच्या मागे एक क्रियापद शतकभर जागचं हललेलं नाही. लावणे. टॉकीजला पिक्चर लागतो आणि घरात तो लावतात. रेकॉर्ड लाव, रेडिओ लाव, टेप लाव, कॅसेट लाव, सीडी लाव. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे, त्याचं भूतकाळी रूप 'लग्न'; प्राकृतात ते 'लग्ग' झालं आणि त्यातून आपलं लागणे, लावणे. तेव्हा 'लग्न लागलं' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो, एकदा सोवळ्यात आणि एकदा रोजच्या कपड्यांत. ग्रामोफोनच्या तबकडीला सुई खरोखर लागत असे, तिथे क्रियापद शब्दश: खरं होतं. सीडीला काहीच लागत नाही, नुसता प्रकाशाचा किरण पडतो. मोबाइलवर तर आपण काचेवर बोट टेकवतो आणि कुठल्या तरी दूरच्या गोदामातल्या संगणकातून चित्र येतं. क्रियापदाने याची दखल घेतलेली नाही. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता सभा घेतल्या, आणि त्यातून महाराष्ट्राच्या तोंडी बसलं ते 'लाव रे तो व्हिडिओ'. तिथे ना कॅसेट होती ना तबकडी, पण 'प्ले कर रे' म्हटलं असतं तर ते सभेच्या बाहेर गेलं नसतं.

'लागणे'ने उलट नवा भेद शिकवला आहे. आजचा तरुण म्हणतो: पिक्चर टॉकीजला लागला, ओटीटीवर आला, टेलिग्रामवर पडला. तीन क्रियापदं, तीन दर्जे. लागलेल्याला तिकीट, आलेल्याला रिचार्ज, पडलेल्याला काहीच नाही. पडलेली वस्तू कुणीही उचलावी. चोरीची कॉपी 'पडते' असं म्हणणाऱ्या बोलीला कायदा कळत नाही असं कुणी म्हणू नये. ती कशी आहे हे विचारतानाही शब्द जुनाच येतो, 'प्रिंट कशीये?' प्रिंट ही फिल्मची असायची, छापलेली. सीडीच्या काळात 'थेटर प्रिंट' आणि 'क्लिअर प्रिंट' अशी तिची वर्गवारी झाली, आणि आता फाइललाही प्रिंटच असते.

घराघरांत अजून एक सीडी शिल्लक आहे, ती लग्नाची. साधारण 2000 नंतरची दहापंधरा वर्षं फोटोग्राफर अल्बमबरोबर प्लास्टिकच्या चौकोनी डबीत ती द्यायचा. वर नवरानवरीचा फोटो, खाली दोघांची नावं. आता पेनड्राइव्ह देतो. ती सीडी चालवायला घरात यंत्र नाही, लॅपटॉपला फट नाही, आणि कुठे मिळालंच तर ओरखडे आड येतात. लग्न लागलं होतं, सीडी लागत नाही.

ओरखड्यांवरून एक गोष्ट मला बरीच वर्षं खुपते. ग्रामोफोनने मराठीला वाक्प्रचार दिला: त्याची रेकॉर्ड अडकली. टेपने दिला: याची टेप सुरू झाली. कॅसेटने दिला: तीच घासलेली कॅसेट. मग सीडीने का दिला नाही? अडकायची तर तीही. किंबहुना जास्तच अडकायची. बाहेर काढून सदऱ्याला पुसून परत आत घालणं हा त्या काळातला घरगुती संस्कार होता. मला वाटतं कारण अडकण्याच्या पद्धतीत आहे. रेकॉर्डची सुई एका चरात फसली की तेच चार शब्द पुन्हा पुन्हा यायचे, आणि तेच ते बोलणारी माणसं प्रत्येक घरात असतात. उपमा आयती मिळाली. सीडी अडकली की चित्राचे चौकोन व्हायचे, नायकाचं तोंड एका गालाकडे घसरायचं आणि आवाज बंद. असं वागणारा माणूस कोणत्याच कुटुंबात नसतो. वस्तूचा बिघाड माणसाच्या खोडीसारखा असल्याशिवाय भाषा त्याचा वाक्प्रचार करत नाही.

सीडीला वाक्प्रचार मिळाला तो शेवटी राजकारणात. ऑक्टोबर 2020 मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले एकनाथ खडसे पक्ष बदलून राष्ट्रवादीत गेले तेव्हा त्यांनी बजावलं की माझ्यामागे ईडी लावली तर मी सीडी लावीन. यमक इतकं चोख की मराठी मुलखात ते सगळ्यांना पाठ झालं. त्यातल्या दोन 'लावणे'चे अर्थही पाहा: ईडी लावणं म्हणजे पाठीमागे सोडणं, सीडी लावणं म्हणजे जगाला दाखवणं. 2020 साली खरोखरची सीडी चालवायला यंत्र शोधावं लागलं असतं. पण तिचा अर्थ तोवर पिक्चर राहिला नव्हता. 'त्याची सीडी आहे' म्हणजे त्याच्याविरुद्ध काहीतरी आहे. मनोरंजनाच्या दुकानातून निघालेली वस्तू अफवेच्या खिशात जाऊन बसली.

कायद्याने तिला याहून मोठा मान दिला. एमपीडीए म्हणून ओळखला जाणारा राज्याचा 1981 चा एक कायदा आहे, धोकादायक लोकांना स्थानबद्ध करण्याचा. त्याच्या नावात झोपडपट्टीदादा येतात, हातभट्टीवाले येतात. 2009 मध्ये त्यात चोरट्या सीड्यांचा धंदा करणारे घातले गेले, आणि सरकारी मराठीने त्यांचं नाव ठेवलं: 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती'. बाजारात ज्याला 'डुप्लिकेट सीडीवाला' म्हणत त्याचा हा पोशाखी अवतार. नंतर त्याच नावात वाळू तस्करही येऊन बसले, त्यामुळे अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठावरच्या एखाद्या वाळूवाल्याचा आदेश निघतो तेव्हा कागदाच्या शीर्षकात हा दृकश्राव्य माणूस अजूनही त्याच्या शेजारी उभा असतो. दुकान मिटलं, धंदा मिटला. शीर्षकातून काढायला मात्र विधिमंडळ लागेल.

आता राहिला 'डिस्क' शब्दाचा फ्रेंच मार्ग. फ्रेंचांनी 'बिब्लिओतेक' म्हणजे ग्रंथालय, याच्या चालीवर 'दिस्कोतेक' केला, तबकड्यांचा संग्रह. म्हणजे गल्लीतली सीडी लायब्ररी ही अक्षरश: दिस्कोतेक होती आणि तिच्या मालकाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे तिथे तबकड्या लावून नाच होऊ लागला, शब्द तुटून 'डिस्को' झाला, आणि तबकड्या लावणारा तो 'डिस्क जॉकी', डीजे. आमच्याकडे पोचेपर्यंत त्याचं माणूसपण गळून पडलं. जालन्यात डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. तो पुल्लिंगी आहे, तो 'येतो', तो 'वाजतो', आणि अर्थातच तो 'लावतात'. विसर्जनाला, वरातीला, जयंतीला, आमदार निवडून आला तर त्या रात्री. लग्न ठरवायला बसलेली मंडळी मंगल कार्यालयानंतर दुसरा प्रश्न विचारतात तो 'डीजे कुणाचा?' त्यात डिस्क नाही, गाणी पेनड्राइव्हवर असतात. जॉकीही नाही, जो पोरगा मागे बसून बटणं फिरवतो त्याला ऑपरेटर म्हणतात, आणि तुम्ही त्याला डीजे म्हणालात तर तो ट्रककडे बोट दाखवतो.